रामदासने न लिहिलेला खोकला

रामदास शुक्रवारी ग्राहक मंचासमोर शपथेवर खोटं बोलेल आणि घरी येऊन पोटभर जेवेल, ही काळजी काही केल्या माझ्या मनातून जात नाही. खोटं बोलण्याचं एवढं नाही, ते त्याला लहानपणापासून जमतं. पण जेवताना त्याला काहीच जाणवणार नाही, सुकटीला मीठ कमी पडलंय एवढंच जाणवेल, याची मला भीती वाटते. माझ्या पोटी हे कुठून आलं, हा प्रश्न मी बऱ्याच वर्षांपूर्वी सोडून दिला होता. आता तो परत आला आहे.

रामदास माझा एकुलता एक मुलगा, विम्याचा एजंट. परळपासून लालबागपर्यंत ज्या जिन्यावर त्याची पायताणं वाजली नाहीत असा जिना नाही. अंगात सफारी, हातात ब्रीफकेस, आणि ब्रीफकेसमध्ये कंपनीची कॅलेंडरं. आमच्या चाळीत घरोघरी बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या जरा खाली रामदासचं कॅलेंडर लटकलेलं असतं. बायका त्याच्यावर दुधाचा खाडा लिहितात. लोकांना वाटतं, विमा कंपनी म्हणजे रामदास. त्यालाही तसंच वाटायचं. कंपनीला तसं वाटत नाही, हे शेजारचा कोंडीराम मेल्यावर कळलं.

मी म्युनिसिपल शाळेत शिकवायचे. सिद्धार्थ कॉलेजात सकाळच्या वर्गांना बसून बी.ए. झाले, तेव्हा नोकरीही चालू होती. मुलगा वकील होईल असं मी मनात धरलं होतं, आणि असलं काही मनात धरणाऱ्या आयांचं जे होतं ते माझं झालं. रामदासला सात आठे किती विचारलं की तो आधी माझ्या चेहऱ्याकडे बघायचा. चोपन्न म्हणून थांबायचा, माझ्या कपाळावर आठी दिसली की छप्पन्न म्हणायचा. गणित त्याला शेवटपर्यंत आलं नाही. चेहरे आले.

बारावीत दोनदा नापास झाल्यावर त्याच्या वडिलांनी त्याला आपल्या गिरणीत बदली कामगार म्हणून लावला. बदली म्हणजे रोज पाळीच्या वेळी दरवाजाशी उभं राहायचं, कोणी कायम कामगार आला नाही तर जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, बोट दाखवेल त्यानं आत जायचं, बाकीच्यांनी परतायचं. जॉबरचा चेहरा वाचायला रामदास तिथे आणखी पक्का शिकला. मग संप सुरू झाला.

संपात तो फार लोकप्रिय झाला. गावाकडून आलेलं धान्य वाटायला जायचा, आणि धान्यासोबत बातमी द्यायचा: पुढच्या आठवड्यात मिटतंय. दर आठवड्याला संप पुढच्या आठवड्यात मिटणार होता. लोकांना हे ऐकायला आवडायचं, म्हणून त्याला सांगायला आवडायचं. संप काही मिटला नाही. लोक एकेक करून मिटले. कोणी गावी गेले, कोणी वॉचमन झाले. माझे यजमान दुपारभर खाटेवर छताकडे बघत बसायचे, आणि एका दुपारी बघतच राहिले. रामदास तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा असेल.

मग त्याला विमा कंपनीचा एक विकास अधिकारी भेटला. एजंट गोळा करणं हेच त्या गृहस्थाचं काम. गिरणगावात तुझ्याइतकी माणसं कोण ओळखतो, असं तो म्हणाला, आणि माझ्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तो जसा होता त्यासाठी निवडलं. याचा मला आनंदच झाला होता, तेही लिहायला हवं. ज्यांना गिरणीतून फंडाचे चार पैसे मिळाले होते त्यांच्याकडे तो जायचा आणि म्हणायचा, गिरणीनं सोडलं, आम्ही नाही सोडणार. हे वाक्य त्यानं स्वतः तयार केलं होतं आणि त्याचा त्याला अभिमान होता.

कोंडीराम आमच्याच मजल्यावर, जिन्यापलीकडच्या खोलीत राहायचा. गिरणीत कार्डिंग खात्यात होता. कार्डिंगमध्ये कापूस पिंजला जातो आणि धूळ माणसाच्या छातीत जाते. संपानंतर त्याला परत घेतलं नाही, तेव्हा त्यानं भारतमाता सिनेमाच्या बाजूला उकडलेली अंडी विकायला सुरुवात केली. बोलायला कमी, पण सही करण्याआधी विचारणारा माणूस. त्याचा फॉर्म रामदासनं माझ्या घरी भरला, कारण आमच्याकडे टेबल होतं.

मी चहा टाकत होते. फॉर्म इंग्रजीत. रामदास प्रश्न मराठीत सांगायचा आणि उत्तरही स्वतःच द्यायचा, पुजारी घाईघाईनं मंत्र उरकतो तसा. दारू नाही, ऑपरेशन नाही, आजार नाही. कोंडीरामनं हात वर केला.

"थांब जरा. खोकला असतो मला. आणि मागं दवाखान्यातून सिक घेतली होती, तिथं छातीचं काहीतरी लिहिलंय. ते घालाय पायजे ना?"

ही सिक काय असते ते परळच्या बाहेर सांगावं लागतं. गिरणीत गावी जायला हवी तेव्हा रजा मिळत नसे. बहिणीचं लग्न असो, घर शाकारायचं असो, सुपरवायझर नाही म्हणायचा. मग माणूस कामगार विम्याच्या दवाखान्यात जायचा आणि आजारपणाचा दाखला घ्यायचा. डॉक्टरलाही छातीचं लिहिणं सोपं, कारण कोणत्याही कामगाराच्या पाठीला नळी लावली तरी आत घरघर ऐकू यायचीच. त्या दाखल्यावर माणूस गावी जाऊन लग्न लावून यायचा. गिरणगावात याला कोणी आजार म्हणत नाही. रजा म्हणतात. कोंडीरामही तीन आठवडे धाकट्या बहिणीच्या लग्नाला गेला होता. ते खोटंच होतं, ते अख्ख्या गिरणगावाचं खोटं होतं, पण विमा घेताना त्यानं ते झाकलं नाही. ज्याला तो कंपनी समजत होता त्याच्यासमोर त्यानं ते ठेवलं.

"काका," रामदास म्हणाला, "खोकला हा आजार असता तर या चाळीत एकालाही विमा मिळाला नसता. आणि सिक कोणी घेतली नाही? मॅनेजर सोडून सगळ्यांनी. करा सही."

"मग नको घालायला?"

"दोन वर्षं गेली की तसंही कोणी विचारत नाही. टेन्शन घेऊ नका."

कोंडीरामनं सही केली. त्याची सही सावकाश व्हायची. प्रौढ वर्गात शिकलेली सही. चहा प्यायला, बशी उलटी करून ठेवली आणि गेला. रामदासनं कागद ब्रीफकेसमध्ये टाकून कॅलेंडर काढलं आणि जिन्यापर्यंत त्याच्या मागे गेला, कॅलेंडर द्यायचं राहिलं म्हणून.

तीन वर्षांनी कोंडीराम काविळीनं गेला. अंत्ययात्रेत रामदास रडला. ते रडणं खरं होतं. रामदासचं रडणं नेहमी खरं असतं, म्हणून तर लोक फसतात. दावा त्यानंच भरला, सुंदराबाईला, म्हणजे कोंडीरामच्या बायकोला, त्यानंच सांगितलं की काकू, महिनाभरात होईल. मग कंपनीनं दवाखान्यातले जुने कागद उकरून काढले आणि पत्र पाठवलं: विमेदारानं छातीचा विकार जाणूनबुजून लपवला, सबब दावा नामंजूर. हप्ते घेताना ज्या कंपनीला दवाखान्याचा रस्ता माहीत नव्हता, पैसे द्यायची वेळ येताच तिला तो बरोबर सापडला. त्याबद्दल तिचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे.

पत्राच्या आधी चौकशीला एक अधिकारी येऊन गेला होता. त्यानं रामदासला विचारलं, विमेदारानं तुम्हाला आजाराबद्दल काही सांगितलं होतं का? रामदासनं त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं असणार. त्या चेहऱ्याला काय हवं होतं ते त्याला कळलं असणार. नाही, काहीच सांगितलं नाही, असं त्यानं लिहून दिलं आणि खाली सही केली. ती सही मात्र झटकन झाली असेल.

सुंदराबाईची मुलगी कांता नर्सिंगच्या शिक्षणाला लागली होती. ते सोडून ती लोअर परळला शर्टांच्या घड्या घालायच्या कामाला जाते. सुंदराबाई रडत बसणारी नाही. तिनं वरळी कोळीवाड्यातली एक वकीलबाई शोधून काढली आणि ग्राहक मंचात तक्रार लावली. मग माझ्याकडे आली, उंबऱ्यातच उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, फॉर्म तुमच्या घरी भरला ना? तुम्ही होता?"

मी म्हटलं, होते.

"मग माझ्यासंगं चला वकिलाकडं. ऐकून तरी घ्या."

वकीलबाईंचं नाव दमयंती तांडेल. घराच्या पडवीतच त्यांचं ऑफिस. बाहेर बोंबील वाळत होते आणि आत कायद्याची पुस्तकं, दोन्हींवर सारख्याच माश्या. मला त्यांनी खुर्ची दिली आणि मी कोण आहे हे माहीत असूनही एकदाही रामदासचं नाव घेतलं नाही. एवढी सभ्यता मी हल्ली कमी पाहिली आहे.

मी त्यांना विचारलं की माणूस काविळीनं मेला, त्यात खोकल्याचा संबंध काय. त्या म्हणाल्या, "मेला कशानं, हा प्रश्नच नसतो, बाई. करार करताना कंपनीला खरं कळलं असतं तर तिनं तोच करार त्याच हप्त्यात केला असता का, एवढं बघतात. बाजारात पापलेट घेताना कल्ला उघडून बघायचं काम गिऱ्हाइकाचं. कोळीण शिळं म्हणून सांगणार नाही, आणि कायदा तिला सांगायला लावणारही नाही. विम्यात कल्ला उघडता येत नाही. आमच्या बाबांच्या होडीची कुठली फळी कुजलीय ते बाबांनाच माहीत. विमा देणारा काय समुद्रावर येऊन बघणार? म्हणून तिथे न विचारलेलंही सांगायचं. पूर्ण भरवसा ठेवायचा, आणि तो दोन्ही बाजूंनी."

"आणि ती दोन वर्षं?"

"ते अर्धं खरं आहे. दोन वर्षांनंतर नुसतं चुकीचं लिहिलंय म्हणून पॉलिसी मोडता येत नाही. माणसानं माहीत असून, फसवायच्या इराद्यानं लपवलं, हे कंपनीला सिद्ध करावं लागतं. एजंटनं फॉर्म भरला तरी सही करणाराच जबाबदार, असं त्यांचा वकील म्हणेल, आणि त्याला आधारही आहे. पण इथे प्रश्न फसवणुकीचा आहे. कोंडीरामनं फसवलं का, हे त्या खोलीत काय बोलणं झालं त्यावर ठरणार. खोलीत तिघं होते. एक वारला."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. मोजता मलाही येतं.

मी सुंदराबाईला म्हटलं की कोंडीराम फार साधा होता, भोळा होता, म्हणून असं झालं. ती पायऱ्या उतरता उतरता थांबली. "भोळा म्हणू नका, बाई. भोळा असता तर विचारलं नसतं त्यानं. विचारून सही केली माझ्या माणसानं." मग रस्ताभर ती कांद्याच्या भावाबद्दल बोलत राहिली.

रामदासला गाठायला मी शिवाजी पार्कला गेले. तो आता दादरला राहतो आणि रोज सकाळी पांढरे बूट घालून मैदानाला फेऱ्या मारतो. तब्येतीसाठी मारत असता तर मला बरं वाटलं असतं. तिथे निवृत्त लोक फिरायला येतात, त्यांच्याकडे फंडाचे पैसे असतात आणि ऐकायला वेळ असतो. रामदास त्यांच्या चालीनं चालतो, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करतो. मी कट्ट्यावर बसले आणि त्याला हाक मारली.

मी त्याला सरळ सांगितलं की कोंडीरामनं खोकल्याचं आणि सिकचं सांगितलं होतं, मी ऐकलं होतं, आणि शुक्रवारी त्यानं तेच सांगायचं. तो आधी हसला. मग माझ्या शेजारी बसला आणि समजावू लागला, गिऱ्हाइकाला समजावतो तसा, अर्धं अंग माझ्याकडे वळवून. त्यानं खरं सांगितलं तर एजन्सी जाईल, जुन्या पॉलिसींचं कमिशन बंद होईल, पोरीची शाळा आहे, फ्लॅट भाड्याचा आहे.

"आणि काका तर गेले, आई. त्यांना आता कोणी लबाड म्हटलं तर काय फरक पडतो?"

"सुंदराबाईला पडतो."

"काकूंना मी देईन ना दर महिन्याला थोडं थोडं. शब्द देतो तुला."

मोबदल्याशिवाय दिलेला शब्द कायद्यात करार होत नाही, हे मी दमयंतीबाईंच्या पडवीत ऐकलं होतं. रामदासचा शब्द मोबदला घेऊनही होत नाही. त्या शब्दाचे हप्ते कोंडीरामनं अंडी विकून भरले होते. मी त्याला हे म्हटलं. त्यानं बूट न्याहाळले.

"मग काय करू मी? परत बदलीत उभा राहू?" हे तो हळू म्हणाला, आणि एवढं एकच त्यानं चेहरा न बघता म्हटलं. "तिथं आता गेटपण उघडत नाही, आई. कुलूप आहे."

पावसात, थंडीत दरवाजाशी मान उंच करून उभं राहिलेलं पोर मला आठवलं. जॉबरचं बोट दुसरीकडे वळलं की तो रिकामा डबा घेऊन यायचा. डबा तो दरवाजाशीच खाऊन टाकायचा, आत गेलो होतो असं मला वाटावं म्हणून. त्याच्या पोटात ही भीती आहे, आणि ती खरी आहे. पण तीच भीती कोंडीरामच्याही पोटात होती. तो तिच्यापायी खोटं बोलला नाही. त्याला बोलायला लावलं गेलं, तेही माझ्या मुलाकडून, चहाच्या दोन घोटांच्या मधे.

"तू काय माझ्याविरुद्ध साक्ष देणार आहेस?" रामदासनं विचारलं, आणि परत हसला, कारण असं काही होऊ शकतं हे त्याच्या डोक्यातच शिरत नव्हतं. तेवढ्यात फेरी संपवून एक निवृत्त गृहस्थ आले. रामदास उठून उभा राहिला, आणि तो चेहरा कसा बदलला ते मी समोर बसून बघितलं. ही माझी आई, शिक्षिका होती, आमच्या चाळीत सगळ्यांना हिनंच घडवलं, असं त्यानं सांगितलं. गृहस्थांनी मला नमस्कार केला. मग रामदास त्यांना पेन्शनच्या एका नव्या योजनेबद्दल सांगत त्यांच्याबरोबर पुढच्या फेरीला निघून गेला. माझ्याकडे बघून त्यानं हातानं खूण केली: फोन करतो.

खालच्या पीसीओवर त्याचा फोन आला नाही. शुक्रवारपर्यंत येणारही नाही, नंतर येईल, आणि जेवायला काय केलंय ते विचारेल.

गेले चार दिवस मी स्वतःशी वकिली करते आहे. एकुलता एक आहे. त्याची पोरगी माझ्या मांडीवर झोपते. कंपनी त्याला काढून टाकेल आणि स्वतः स्वच्छ राहील, जणू रामदासनं आपल्या मनानं कोण्या त्रयस्थाचं कॅलेंडर वाटलं. त्याला भरती करणारा तो विकास अधिकारी मोठ्या हुद्द्यावर गेला आहे, त्याला कोणी काही विचारणार नाही. हे सगळं मला दिसतं, आणि मला त्याचा राग येतो. पण या सगळ्याच्या शेवटी एक वाक्य येतं आणि तिथून मला पुढे जाता येत नाही: शुक्रवारी मंचासमोर एका मेलेल्या माणसाला खोटारडा ठरवलं जाईल, तो खोटारडा नव्हता हे सांगू शकणारी दोनच माणसं जिवंत आहेत, आणि त्यातला एक माझा मुलगा आहे.

रामदासला आणखी एकदा फोन करावा, असं संध्याकाळपासून मनात येत होतं. शेवटची संधी द्यावी, आईचं काम आहे ते. आता वाटतं, तेही नको. मी फोन केला तर तो म्हणेल, आई, टेन्शन घेऊ नको. आणि त्याच्या आवाजात असं काही असतं की मी खरंच घेणार नाही. अर्ध्या गिरणगावानं घेतलं नाही.

खालचा पीसीओवाला सकाळी लवकर उघडतो. दमयंतीबाईंच्या घरी होडीमुळे सगळे पहाटेच उठलेले असतात. त्यांना फोन लावायचा आणि सांगायचं की माझं नाव साक्षीदारांत घाला. नाव, पत्ता, शिक्षण, सगळं घाला. पुढे नातंही लिहा: एजंटची आई. ते कंपनीच्या वकिलानं शोधून काढण्याआधी आपणच सांगितलेलं बरं.